पुलावरून डावीकडे

शाळा मी नववीत सोडली. राजापूरजवळच्या गावातून इंदूरला आलो आणि लोडिंग रिक्षा चालवू लागलो. नकाशे बनवणाऱ्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो तो टेबलं उतरवायला. पोलोग्राउंड भागात एका वर्कशॉपच्या वर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर. ऑफिस चालवणाऱ्या ताईंच्या स्क्रीनवर जुनी इंदूर या वस्तीचा नकाशा उघडा होता. त्यातली एक गल्ली पुढे बंद होते, असं मी उगाच बोलून गेलो. आठवड्याभरात त्यांनी मला कामावर घेतलं. आपल्याला इथून कधी ऊठ म्हणतील, ही धाकधूक मात्र गेली नाही.

इंटरनेटवर रस्त्यांचा एक खुला नकाशा असतो. कुणीही वापरावा, कुणीही त्यात भर घालावी. त्यातून आम्ही इंदूरचे रस्ते उतरवून घ्यायचो आणि गिऱ्हाइकाला हवा तसा नकाशा करून द्यायचो. गाडी कुठे मावते, कुठे वन-वे आहे, कुठे सकाळी भाजीवाल्यांमुळे वाट नसते, असं सगळं त्यात. माझा पहिला स्वतंत्र नकाशा पेशंटांच्या घरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणाऱ्या एका दुकानासाठी होता.

नकाशा झाला की कॉम्प्युटर तो तपासतो आणि शंका येईल तिथे लाल खूण करतो. बहुतेक खुणांची तक्रार एकच: दोन रस्ते एकमेकांना छेदतात, पण जोडलेले नाहीत. 'जोडा' म्हटलं की तिथे एक ठिपका बसतो आणि खूण जाते. लाल रंग दिसला की मला अजूनही शाळेतली तपासून आलेली वही आठवते. ताईंनी बघायच्या आत सगळं साफ व्हावं म्हणून दुपारभर जोडत बसलो. संध्याकाळी एकही खूण उरली नव्हती. ताई खुश झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा एक जुना ड्रायव्हर तो नकाशा फोनवर घेऊन ट्रायलला निघाला. कृष्णपुऱ्याहून त्याचा फोन आला.

"भिया, तुझा नकाशा म्हणतो पुलावरून डावीकडे वळ. डावीकडे तो नदी है. गाडीला पोहायला शिकवू का?"

मी हसलो खरा, पण लगेच स्क्रीनवर ती जागा उघडली. वरचा पूल आणि नदीकाठच्या समाधी-छत्र्यांजवळची खालची वाट, दोन्हींवरून मी कितीदा गेलोय; ती एकमेकांना कुठेच मिळत नाहीत. तरी दोन्ही जोडून मोकळा झालो होतो.

तो ठिपका मिनिटात काढला. ताई जेवायला गेल्या होत्या, कुणाला कळलंही नसतं. ड्रायव्हरही सरळ निघून गेला, त्याला शहर पाठ. पण सोमवारपासून दुकानात दोन नवे ड्रायव्हर येणार होते, देवासचे. ते फोन सांगेल तिकडे वळणार, आणि कुणाच्या तरी घरात सिलिंडर संपत आलेला असणार. असे ठिपके आणखी कुठे पडलेत, मला आठवत नव्हतं.

ताई आल्यावर सांगितलं. आधी पुलाचं, मग बाकीचंही.

"न बघता किती जोडले?"

"सगळेच."

ताई म्हणाल्या की साफ स्क्रीन बघून त्यांनीही तपासलं नाही, ते त्यांचंही चुकलं.

"सोमवारी नकाशा नाही जाणार. दुकानात फोन तू लाव. कारण पण तूच सांग, पूरा."

गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना माझी हिंदी अडखळते. दुकानाच्या मालकीणबाई आधी चिडल्या, मग जुन्या ड्रायव्हरांना किती दिवस जास्तीच्या फेऱ्या सांगू, असं त्यांनी विचारलं. मी चार दिवस मागितले. तीन मिळाले.

तीन दिवस मी जोडलेली एकेक जागा मोटारसायकलवरून पाहत फिरलो. ताई मागच्या सीटवर वही घेऊन बसायच्या आणि मी सांगेन ते लिहायच्या. दोन ठिकाणी बांधकाम चालू होतं, खालचा रस्ता कुठे निघतो ते काही केल्या कळेना. तिथे मी काहीच जोडलं नाही. नकाशा देताना दुकानाला लिहून दिलं की या दोन जागांवर फोनचं ऐकू नका, गाडी थांबवून माणसांना विचारा.