ऐकलेला मूकपट

पास्कू अंकलच्या घरी सिनेमा बघायचा म्हणजे आधी डायरेक्टरला मान द्यावा लागे. त्याचं नाव पडद्यावर आलं की ते रिमोटने सिनेमा थांबवत, नाव मोठ्याने वाचत आणि मगच पुढे जात. सिनेमाही ठरलेला, हॉलिवूडच्या अगदी सुरुवातीचा एक विनोदी मूकपट. डायरेक्टरचं नाव इतक्या मायेने घेत की वाटावं, हा साहेब वसईत यांच्या शेजारीच राहायचा.

अंकल मूळचे वसईचे, अजमानच्या आमच्या बिल्डिंगमधले शेजारी आणि दुबईतल्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. लोकांची लग्नं थाटात पार पाडणारा हा माणूस एकाही फोटोत नसे. "धडपडणारा नट सगळ्यांना ठाऊक," ते म्हणत, "पण कुठे धडपडायचं ते सांगणारा? बोलपट आले आणि बिचाऱ्याचं करिअर खलास. मग त्याच स्टुडिओत दुसऱ्यांच्या हाताखाली राबला. कोई पूछता नहीं, हबीबी."

साठी झाली आणि हॉटेलने त्यांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. जायच्या आधी अंकलची एकच इच्छा होती, आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात पोरांना हा सिनेमा दाखवायचा. सेक्रेटरींनी ऑर्केस्ट्रा आणि जेवण यांच्या मधली वेळ दिली, म्हणजे न दिल्यासारखीच. त्यात माझी मुलगी त्यांना तोंडावर म्हणाली, "नो साउंड, अंकल? दॅट्स सो बोरिंग." अंकल हसले, पण चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

सिनेमा सुरू झाला आणि अंकल दिसेनात. पोरं नुसती चुळबुळत होती. मग पडद्यावरच्या माणसाच्या अंगावर शिडी कोसळली, एक पोरगं खुदकन हसलं आणि त्याच्यामागे सगळा हॉल. माझी मुलगी तर खुर्चीवर उभी राहिली होती. मी अंकलना शोधत पॅन्ट्रीकडे गेलो. ते दार अडवून उभे होते आणि वेटर ट्रे घेऊन ताटकळले होते.

"अंकल, आत चला. पोरं हसताहेत."

"ऐकतोय ना, सर. बुफेची झाकणं उघडली की वासाने पब्लिक उठतं. आयुष्य गेलं माझं यात. मी इथून हललो की हे सगळे आत घुसतील. तुम्ही जा, बघा."

माझा पाय निघेना. तो मूकपट आम्ही दोघांनी दाराबाहेर उभं राहून ऐकला. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा अंकलनी डोळे पुसले, टाय सारखा केला आणि वेटरना म्हणाले, "यल्ला, अब ढक्कन खोलो."