मावशींच्या नावावरची गाडी

नोकरीत पाहिलेले खून आणि दरोडे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला कधीचा, पटकन सांगता येत नाही. पण ठाण्याजवळच्या दिवा गावच्या पोलीस चौकीत एक बाई रिकामी पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "माझी गाडी शोधून द्या," तो दिवस जसाच्या तसा समोर उभा राहतो, आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. गाव इथून फार लांब, जतच्या बाजूला. आठवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. दहावी पुढे बाहेरून दिली, दुसऱ्या खेपेला पास झालो, म्हणून भरतीत उभं राहता आलं. खात्याने अन्न दिलं, कपडा दिला, कल्याणात दोन खोल्या झाल्या. त्या खात्याविषयी लिहिताना एखादा शब्द वावगा जाईल की काय, अशी धाकधूक वाटते. नाव कुणाचंच लिहीत नाही. जे झालं ते मात्र लिहितो.

त्या सकाळी पाण्याच्या टँकरवरून दोन चाळींची जुंपली होती. ते भांडण मिटवून मी नुकता टेकलो होतो.

"साहेब, गाडी हरवलीय माझी."

"रिक्षा?"

"नाय. मोटार. विजेवर चालते ना, ती."

मी वर पाहिलं. पन्नाशीची बाई, पायात झिजलेल्या स्लीपर. डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करते, असं म्हणाली.

"नंबर सांगा."

तिने रेशनकार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला नंबर पुढे केला.

"रंग कुठला गाडीचा?"

"मला काय ठाऊक? मी बघितलीय कुठं? सरकार म्हणतंय माझी आहे. मग द्या ना शोधून. विकते आणि तांदूळ घेते."

दोन्ही शिपाई हसले. मीही हसलो. ती हसली नाही. पुढे मी त्यांना मावशी म्हणू लागलो, म्हणून इथेही तसंच लिहितो.

प्रकार असा होता. रेशन दुकानात मावशींचा अंगठा मशीनने घेतला नाही. कार्यालयात गेल्या तर बाबूने सांगितलं, तुमच्या नावावर चारचाकी दिसतेय, धान्य बंद. विधवेची पेन्शनही त्याच कारणाने थांबली होती. घरात अंथरुणाला खिळलेली सासू. बाबू वर म्हणाला, "मोटारीतून फिरता आणि फुकटचे तांदूळ मागता? लाज नाही वाटत?" हे सांगताना मावशींचा आवाज पहिल्यांदा हलला.

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आरटीओकडून माहिती मागवली. गाडी खरंच मावशींच्या नावावर होती. इतकंच नाही, त्या गाडीवर राज्य सरकारची सवलतही उचललेली होती. लोकांनी विजेच्या गाड्या घ्याव्यात म्हणून सरकार तेव्हा सवलत देत होतं. गाडी ज्याच्या नावावर, त्याचे कागद जोडून दावा करायचा, रक्कम गाडीच्या किमतीतूनच वजा व्हायची, आणि एका माणसाला एकाच गाडीवर सवलत.

मी शोरूममधून फाइल मागवली. फाइलीत आधार होतं, पासबुकाची झेरॉक्स होती, सह्या होत्या. आणि गाडी ताब्यात दिल्याचा फोटो होता. हार घातलेली पांढरी गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी मावशी, हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली, आणि तोंडभर हसू.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, बाईने आपल्याला वेड्यात काढलं. मी त्यांना बोलावून घेतलं आणि फोटो टेबलावर आपटला.

"गाडी बघितली नाही म्हणता? आणि ही कोण? किल्ली धरून हसताय की चांगल्या!"

मावशी फोटोकडे बघत राहिल्या. "ही होय..." एवढंच म्हणाल्या. मग, "ही माझी नाय. मी नुसती ओवाळलेली."

"कुणी बोलावलं होतं?"

मावशींनी फोटो पालथा घातला.

"नाव सांगा त्याचं."

"तो चांगला माणूस आहे, साहेब. त्याला यात ओढू नका."

मी ओरडलो. फार ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली, पण नाव दिलं नाही.

शोरूमकडे अशा आणखी सहा फायली निघाल्या. सगळ्यांचं काम एकाच एजंटामार्फत झालेलं, पण त्याचा फाइलीतला पत्ता खोटा, फोन बंद. सहाही बाया दिवा, मुंब्रा, कल्याण पूर्व इथल्या, हातावर पोट असलेल्या. एकीच्याही दारात गाडी नव्हती. सातव्या मावशी.

आमच्या साहेबांनी फोटो पाहिला आणि विषय संपवला. "यांनी नाव भाड्याने दिलंय. सवलतीतला वाटा घेतला असणार. सातही जणींना आरोपी करा."

"पण साहेब..."

"फोटोत हसतेय, बघा. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी "हो साहेब" म्हटलं. आयुष्यभर तेच म्हणत आलो होतो. कमी शिकलेल्या माणसाला वरिष्ठांपुढे तोंड उघडायचा धीर होत नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण जेवण गेलं नाही. आरोपी केलं की जामीन, तारखा. कामाची घरं सुटणार. कोण ठेवतं पोलीस केसवाली बाई? आणि मग अंथरुणातल्या म्हातारीला कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी आमची एक महिला शिपाई फायलींवर नंबर टाकत होती. तिने सातही फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि थांबली.

"काका, एक बघा. एकीच्या तरी गळ्यात मंगळसूत्र आहे का?"

नव्हतं. कुणाच्या कपाळाला कुंकूही नव्हतं. गाडीच्या बॉनेटवर कुंकू, ताटात कुंकू, आणि ओवाळणाऱ्या बाईचं कपाळ मोकळं. सातही जणी विधवा होत्या.

मला खुर्चीत बसवेना. मी वर्दी घालून पहिल्यांदा गावी गेलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला ओवाळलं. आई चुलीपाशी बसून घासलेलंच भांडं परत घासत होती. ती पुढे आली नाही, आणि तिला पुढे ये म्हणावं, हे मलाही सुचलं नाही.

त्या संध्याकाळी वर्दी न घालता ती महिला शिपाई आणि मी मावशींच्या खोलीवर गेलो. आधी माफी मागितली. मग नाव विचारलंच नाही. मी म्हटलं, "मावशी, ओवाळायला तुम्हालाच कसं बोलावलं?"

मावशींनी सासूचं पांघरूण सारखं केलं. मग बोलू लागल्या.

"कल्याणला बसतो तो. माझ्या पेन्शनचे फॉर्म त्यानेच भरलेले. एक रुपया जास्त घेतला नाय. मग एकदा चाळीत आला. म्हणाला, मावशी, नवीन गाडी घेतोय, तुमच्या हातून ओवाळायचीय. मी म्हटलं, अरे बाबा, माझ्या हातून? माझ्या पुतणीच्या हळदीला मला मागच्या खोलीत बसवलेलं. तो म्हणाला, आम्ही नाय मानत तसलं काय. तुम्ही आईसारख्या."

"मग?"

"मग काय. रिक्षा पाठवली. साडी दिली. ओवाळलं. ती किल्ली हातात दिली, म्हणाला धरा, फोटोला शोभा येते. पाहुण्यांच्या वहीत सही करा म्हणाला, केली. मोबाईलवर नंबर आला तो वाचून दाखवला." मग माझ्याकडे वळून, "साहेब, त्यानेच केलं का हे?"

महिला शिपाई म्हणाली, "मावशी, अशा सात जणी आहेत. सगळ्यांना तो हेच म्हणाला असणार."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

मावशींनी मग नाव सांगितलं. पत्ताही सांगितला. रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मेल्या, सातही जणींना आईसारख्या म्हणालास?"

रीतसर गुन्हा नोंदवून आम्ही एजंटाला कल्याणहून उचललं. कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं, बोलणं मधाळ. ऑफिसच्या भिंतीवर पाटी होती, 'निराधार महिलांचे फॉर्म भरून मिळतील'. कपाटात त्या महिलांची आधार, फोटो, पासबुकं, नवऱ्यांचे मृत्यूचे दाखले, सगळं नीट लावलेलं. खोटं बोलणारा माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो, हा माझा अनुभव. हा तसाच.

"साहेब, सह्या..."

"मी अजून विचारलंच नाही."

"नाही, म्हणजे, सह्या त्यांनी स्वतःच्या हाताने केल्यात. सगळं माहीत होतं त्यांना. फुकट कोण सही देतं हो?"

मी हात उचलला नाही. चहा मागवला, गावाकडचं बोललो, पोराबाळांचं विचारलं. गोडबोल्या माणसाला ऐकणारा मिळाला की तो आपली हुशारी सांगितल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या चहाला मी सहज विचारलं, "गाडी ओवाळायला तुला विधवाच का लागतात रे?"

तो हसला. "साहेब, सवाष्ण बोलावली की नवरा मागनं येतो. नवरा कागद मागतो. यांच्या मागं विचारायला कोण आहे?" मग जरा पुढे वाकून, जणू मी त्याचा भागीदार, "आणि एक सांगू? आरतीचं ताट हातात दिलं ना, की यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मग कुठंही बोट ठेवा, सही करतात."

महिला शिपाईचं पेन थांबलं. मी उठून बाहेर गेलो. आत थांबलो असतो तर निवृत्तीच्या तोंडावर माझ्यावरच कारवाई झाली असती. सरकारचा पैसा खाणारे मी पुष्कळ पाहिले. पण एखाद्या बाईचा जन्मभराचा अपमान हेरून त्याचं हत्यार करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून पुरावा लागतो. तो गाड्यांनीच दिला. पेट्रोलची गाडी कुठल्याही पंपावर भरता येते. ही गाडी म्हशीसारखी, रोज दावणीलाच यायची. चार्जिंगची मीटरं कुठे बसलीत ते वीज कंपनीकडून काढलं, तेव्हा शीळ रोडच्या एका आवारात सातही गाड्या चार्जिंगच्या वायरी लावून उभ्या सापडल्या. आवार भाड्याने गाड्या पुरवणाऱ्या एका मालकाचं. विजेचं मीटर त्याच्या नावावर, गाड्यांचे हप्तेही त्याच्याच खात्यातून. स्वतःच्या नावावर एकाच गाडीची सवलत मिळणार, म्हणून त्याने एजंटाकडून सात नावं घेतली होती. पंचनामा करून गाड्या जप्त केल्या, मालकालाही अटक झाली.

दोषारोपपत्राची वेळ आली तेव्हा साहेबांनी पुन्हा विचारलं, "बायकांची नावं आरोपींत घेतली ना?"

"हो साहेब" जिभेवर आलं होतं. पण बोललो. "नाही साहेब. साक्षीदारांत घेतलीत."

"कुणाला विचारून? वकील झालात का तुम्ही?"

"साहेब, मी आठवीत शाळा सुटलेला माणूस आहे. पण त्या बाया आरोपी झाल्या, तर त्या एजंटाने जे केलं ते आपण पुरं केल्यासारखं होईल. तुम्ही एकदा जबाब वाचा."

साहेबांनी सातही जबाब वाचले. मी समोर उभाच होतो. शेवटी त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "साक्षीदारच राहू द्या." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

पण सरकारी कचेऱ्यांचं काय सांगू? मावशींचं नाव रेशनमधून काढायला त्यांना ना कागद लागला ना साक्षीदार. बसल्या जागी काढलं. तेच नाव परत घालायला मात्र गुन्ह्याची प्रत आणा, आरटीओचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र आणा, साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. मी स्वतः वर्दीत चार वेळा सोबत गेलो, तेव्हा कुठे धान्य सुरू झालं. मधल्या काळात सवलतीची रक्कम परत भरा, अशी नोटीसही मावशींच्याच घरी आली. "गाडी नाय दिली, नोटीस तेवढी दिली," मावशी म्हणाल्या. ती नोटीस रद्द करून घ्यायला आणखी महिने गेले. त्यांना लाज विचारणारा बाबू त्याच खुर्चीत होता. त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

साक्ष कल्याणच्या कोर्टात लागली तोवर मी निवृत्त झालो होतो. माझी साक्ष झाली, मग मावशींची. बचावाच्या वकिलाने तोच फोटो पुढे केला.

"ह्या तुम्हीच ना?"

"मीच."

"हातात किल्ली आहे?"

"आहे."

"आणि तुम्ही हसताय."

"हसतेय ना."

"म्हणजे गाडी मिळाल्याचा आनंद झाला होता तुम्हाला."

मावशींनी वकिलाकडे नीट पाहिलं. "गाडीला काय करायचंय मला? नवरा गेल्यापासून कुणी आरतीचं ताट हातात दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. हसू नको तर काय करू? तुमच्या घरी असेल ना कुणी माझ्यासारखी, तिला विचारा जाऊन."

वकील कागद चाळू लागला. न्यायाधीशांनी उत्तर शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं.

मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि माझे कान तापले होते. कारण वकिलाने विचारलेला प्रश्न माझाच होता. मी तो चौकीत ओरडून विचारला होता, आणि उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.

निकाल अजून लागायचाय. या गुन्ह्याने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगताना जीभ जड होते. त्या सात जणींना कशाची भूक आहे, हे त्या चोराने बरोबर ओळखलं होतं. ते रेशनच्या बाबूला ठाऊक नव्हतं, सवलत मंजूर करणाऱ्याला ठाऊक नव्हतं, त्यांना मागच्या खोलीत बसवणाऱ्या नातेवाइकांना नव्हतं, आणि रोज त्याच वस्तीत फिरणाऱ्या मलाही नव्हतं. आम्हा सगळ्यांत मिळून एकट्या चोरालाच ते दिसावं, याचा राग काही केल्या जात नाही.