‘मले’ कोणी खोडलं?

“कोणी केलं हे? कोणी?”

सर अमरावतीहून सकाळच्या एसटीने आले आणि थेट प्रेसमध्ये शिरले, हातातली प्रुफं फडकावत. चपलाही काढल्या नाहीत. मी तेव्हा अकोल्यात, जठारपेठेजवळच्या एका छापखान्यात प्रूफरीडर होते. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं धरा.

प्रूफरीडर म्हणजे काय ते आधी सांगते. तेव्हा एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा. कंपोझिटर खिळे जुळवून ओळी करायचा, त्यावर शाई फिरवून कागदावर कच्चा ठसा काढायचा. तो ठसा म्हणजे प्रूफ. मी निळ्या पेन्सिलीने त्यात चुका काढायच्या, त्याने खिळे बदलायचे, मग दुरुस्त प्रूफ लेखकाकडे जायचं. लेखकाचं हस्तलिखित असतं त्याला आमच्यात कॉपी म्हणतात. माझं शिक्षण चौथी. मी कौंडण्यपूरकडच्या शेतकऱ्याची पोर, पुढचं सगळं प्रुफांनीच शिकवलं.

सर कॉलेजात प्रोफेसर. अमेरिकेतली एक कादंबरी त्यांनी मराठीत आणली होती. कापसाचं गाव, तिथं सरकी काढायचा कारखाना, म्हणजे जिन, आणि बारा वर्षांची एक गोरी मुलगी. जिनला आग लागते. मॅनेजरच्या पोराने फेकलेली पेटती सिगारेट त्या मुलीने पाहिलेली असते, पण पकडतात एका काळ्या मजुराला. का, तर तो काळा. आता ती मुलगी खरं सांगते की आपल्याच माणसांना भिऊन गप्प बसते? सर एकेक प्रकरण पाठवायचे. शेवटची दोन यायची होती. माझा जीव नुसता टांगणीला!

कंपोझिटर होता नामदेव. त्या जिनमध्ये काळ्या मजुरांना पाणी प्यायला वेगळा टिनाचा मग असतो. ते पान जुळवता जुळवता नामदेव मला म्हणाला, “ताई, हे अमेरिकेतलंच हाय ना? मले वाटलं आपलाच प्रेस जुळवून राहिलो.”

खिडकीजवळ खिळ्याला एक कानतुटका कप टांगलेला असे. तो नामदेवचा. बाकीच्यांचे कप कपाटात. नामदेवच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता, प्रेसने मात्र त्याचा कप बदलला नव्हता. मी त्या दिवशी हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तर सर आले ते या तावात. त्यांनी कोर्टाचं पान मालकांसमोर आपटलं.

“बापूसाहेब, वाचा! माझ्या कॉपीत तो मजूर म्हणतो, ‘मी नाई लावली आग, मालक. मले काई मालूम नाई.’ आणि इथं काय छापलंय? ‘मी आग लावली नाही, मालक. मला काहीच ठाऊक नाही.’ अडाणी माणूस वकिलासारखा बोलतोय! अख्ख्या पुस्तकात एक ‘मले’ शिल्लक नाही!”

मालकांनी पान पाहिलं आणि मान वळवली ती सरळ नामदेवकडे.

“हे तुझंच काम. सभांना जाऊन जाऊन डोकं फिरलंय तुझं. तुला वाटलं, आपल्या माणसाला शहाणं करून टाकू.”

“मी प्रुफात होतं तसं केलं, मालक.”

“कुठाय ते प्रूफ?”

नामदेवने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“स्टिक ठेव खाली,” मालक म्हणाले. स्टिक म्हणजे हातात धरून ओळ जुळवतात ती लोखंडी पट्टी. “उद्यापासून येऊ नको.”

आणि ते ‘मले’ तर मी खोडलं होतं! एकूणएक.

त्याचं असं झालं. मालकांचा कायम हुकूम होता, छापील मजकुरात मले-तुले दिसता कामा नये, पुण्याची गिऱ्हाइकं हसतात. मला तर सवयच लागली होती. ‘मले’ दिसलं की पेन्सिल आपोआप चालायची. माझंच बोलणं ते, म्हणून त्याची जास्तच लाज. त्यात सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मी कॉपी उघडलीच नाही, नुसती प्रुफं वाचत गेले. आणि नामदेवला हे सगळं ठाऊक होतं. तरी माझं नाव त्याने घेतलं नाही.

तो स्टिक खाली ठेवत होता. दोन मुलं होती त्याला. अकोल्यात दुसरा प्रेस त्याला लगेच घेईल, असं काही नव्हतं.

“मालक, त्या खुणा माझ्या आहेत,” मी म्हणाले.

“त्याची बाजू घेऊ नका, बाई.”

“बाजू नाही घेत. दाखवते.”

धावलेच मी मशीनकडे. जुनी प्रुफं मशीनमन रहीमचाचा तारेला अडकवून ठेवायचे, शाईचे रूळ पुसायला. चाचांच्या हातात एक कागद होताच, तो रुळावर टेकणार, तेवढ्यात मी ओढला.

“अरे बेटी, हाथ काले हो जायेंगे!”

“होऊ द्या!”

तारेवरचे सगळे कागद उपसले. एक काळाकुट्ट. दुसरा अर्धा फाटलेला. तिसरा फक्त कोपऱ्याला पुसलेला, आणि मधोमध कोर्टाचं पान! ‘मले’वर निळी काट, समासात माझ्या अक्षरात ‘मला’. प्रूफ म्हणजे पुरावा, हे मला त्या दिवशी कळलं.

मालकांनी कागद पाहिला, सरांनी पाहिला. मला वाटलं, आता माझी पाळी. आणि काय सांगू, एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेचना.

“सर, चूक माझी. कॉपी न पाहता हात लावला. पण एक विचारते. या पुस्तकात फक्त काळी माणसंच ‘मले’ का म्हणतात? गोरे सगळे पुण्याचे का?”

“अहो, तो अशिक्षित आहे. ते दाखवायला नको?”

“म्हणजे वऱ्हाडी बोलणारा तो अडाणी?”

“बाई!” मालक उठलेच खुर्चीतून. “सरांसंग कशी बोलतं? तू मले शिकवून राहिली काय वं?”

रहीमचाचांनी मशीन थांबवलं. मालकांची दीडशे एकर काळी जमीन, दारात मोटार, आणि शब्द कोणता निघाला तर ‘मले’! मालकांच्याही ते ध्यानात आलं. कान लाल झाले त्यांचे. सरांनी चष्मा काढून पुसला, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

तेवढ्यात नामदेव हळूच म्हणाला, “सर, जिनचा मालकबी त्याच गावचा ना? मंग तोबी ‘मले’च म्हणन.”

सर स्टूल ओढून बसले. “आणा ती प्रुफं सगळी.”

दुपारपर्यंत आम्ही तिघं त्या पानांवर वाकलो होतो. मजुराचे ‘मले’ परत आले. जिनच्या मालकाला, मॅनेजरला, त्या मुलीलासुद्धा ‘मले’ मिळालं. कापसाचं अख्खं गाव एका बोलीत बोलायला लागलं, आणि काय रंगलं म्हणून सांगू! फक्त जज्ज राहिला. “तो बाहेरगावचा आहे,” सर म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या.

नामदेवने स्टिक परत हातात घेतली. उद्यापासून ये असं त्याला कोणी म्हटलं नाही आणि चुकलो असंही म्हटलं नाही. त्याने सगळे खिळे बदलले, तीन दिवस लागले. माझ्याशी मालक आठवडाभर बोलले नाहीत.

सर एसटीला निघाले तेव्हा मी दारात गाठलं. “सर, ती मुलगी शेवटी बोलते का हो?”

“बोलते,” ते म्हणाले. “पण फार उशिरा.”

त्यानंतर तीस वर्षं प्रुफं वाचली. माणसाचं बोलणं परस्पर खोडलं नाही. समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि विचारायचं, एवढंच धरून ठेवलं. तो कानतुटका कप मात्र पुढं बरेच दिवस त्याच खिळ्याला होता. रोज डोळ्यांसमोर असून त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह करायला मलाही उशीरच झाला.