नेलीदाचं जावळ

"फेले, पोरीचं जावळ काढनार हाईस, का लग्नापतुर तसंच ठिवनार?"

दगडी बांधापलीकडून शेजारणीनं, दोमितिलानं, हाळी दिली. दवाखान्याच्या दारात बटाटे सोलत बसलेल्या फेलिसितासनं मान वर केली नाही.

"काढंल की. धरममाय आली म्हंजी."

"आली! वरीस भरलं की डॉक्टर उडालं. उडाल्यालं पाखरू कवा माघारी आलंय?"

फेलिसितास त्या दवाखान्यात झाडलोट करायची, डॉक्टरला रांधून घालायची. सरकारचा नेमच होता. डॉक्टरकी शिकलेल्यानं एक वर्ष डोंगरात काढायचं, मगच शहरात सरकारी नोकरी. दर वर्षी नवं पोर यायचं, थंडीनं कुडकुडायचं, रडायचं, जरा रुळलं की जायचं. फिओरेया तशीच लिमाहून आलेली. फेलिसितासची नेलीदा पायाळू निघाली तेव्हा तिनंच मायलेकींना वाचवलं. म्हणाली, "हिचं जावळ मीच काढणार. बटाटे निघाले की येईन."

जावळाला पहिली कात्री लावील ती पोरीची धरममाय, असा तिथला रिवाज; शब्द दिला म्हणजे धरममाय झाली. आता दुसऱ्या कुणी कात्री लावायची नाही. शहरात धरममाय असली तर पोर तिच्याकडं राहून शिकेल, आपल्यासारखी उष्टी काढणार नाही, एवढीच फेलिसितासची आस. दर साली बटाटे निघायचे, वाट नुसती धूळ उडवायची. निरोप मात्र तिनं कधी धाडला नाही. दिल्या शब्दाची आठवण करून देणं म्हणजे अविश्वासच की.

पोरीच्या केसांच्या जटा झाल्या. पोरं 'मेंढी' म्हणून चिडवू लागली. शेवटी यंदाच्या डॉक्टरनं, रेनातोनं, कुणाकुणाला विचारून नंबर मिळवला अन् फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"फेलिसितास?" पलीकडून फिओरेया म्हणाली. "अच्छा, ती स्वयंपाकवाली! काय सूप करायची रे! ... जावळ? मी म्हणाले होते? अरे, आता मी माद्रिदला असते. तूच काप की!"

रेनातोनं घाईघाईनं फोन बंद केला. खाली बघत म्हणाला, "मावशी, मी कापू का?"

"नगं, लेकरा. तुजं बी वरीसच हाय."

ती उठली. कात्री अन् ताटली घेऊन बांधाशी गेली.

"दोमितिले, ये. कात्री लाव."

"म्या? माज्यापाशी काय हाय गं? चार मेंढरं, अन् ह्यो तोंडाचा पट्टा."

"तू हितं हाईस."

दोमितिला बांध ओलांडून आली. तिनं घागऱ्याला हात पुसले. पहिली बट ताटलीत पडली.

"आये, लिमाची न्हाय आली?" नेलीदानं विचारलं.

"न्हाय. मान हलवू नगंस."

केस उतरले. डोकं एवढंसं दिसायला लागलं. दोमितिलानं धरममायच्या रिवाजाप्रमाणं पोरीला एक कोकरू आणून बांधलं. जेवणावळ नाही, वाजंत्री नाही. फेलिसितासनं ताटलीतले केस फडक्यात बांधून वळचणीला खोचले.

दुपार डोक्यावर आली होती. डॉक्टर उपाशी होता. ती दारात येऊन बसली, अन् अर्धवट सोललेला बटाटा हातात घेतला.