रिकामी सोडलेली झील

आमच्या गायन पार्टीत माझं काम एकच, झील धरायचं. हे पुढं बसून गायचे, पेटीही तेच वाजवायचे. ओळीचा शेवटचा शब्द यांनी सोडला की तो मागून मी उचलायचा, लांबवायचा, आणि यांचा दम घेऊन होईपर्यंत खाली पडू द्यायचा न्हाई. त्यालाच झील म्हणतात. जयंतीच्या दिवसांत अहमदपूरच्या आजूबाजूची गावं आम्ही अशी गात फिरलो. मी शाळा फार शिकले न्हाई, पण यांचा शब्द कुठं पडणार ते मला आधी कळायचं. एकदा शेंगदाण्याचं फोलपट घशात अडकलं आणि झील हुकली. यांनी भरल्या मांडवात गाणं थांबवलं आणि माईकवरच विचारलं, "झोपल्या का बाई?" लोक हसले. घरी येईपर्यंत मी यांच्याशी बोलले न्हाई.

हे गेल्यावर लेकीनं मला नांदेडला आणलं. मला रडू आलं न्हाई. लोक म्हणायचे, बाई धीराची हाय. धीर कुठला, काही वाटतच नव्हतं. भाजीत मीठ पडलं का न्हाई ते कळायचं न्हाई, म्हणून लेकीनं स्वयंपाक हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि लसूण सोलायला दिला. एवढा लसूण त्या घरात कुणी खात नव्हतं. तरी मी सोलायची.

वर्ष होत आलं तशी कंधारहून माझी नणंद आली. यांची थोरली बहीण. चप्पल काढायच्या आधी तिनं सांगून टाकलं, "वर्षाच्या कार्यक्रमाला विहारात त्याचं गाणं मी म्हणणार. झील तू धरायची."

"आक्का, माझा आवाज निघंना."

"दवाखान्यात दाखवलं?"

"दाखवलं. घसा चांगला हाय म्हणले."

"मग? तू धरली न्हाईस तर माझ्या भावाचं गाणं चारचौघांत उघडं पडंल. ते चालंल का तुला?"

तिचं पटत होतं, तेच अवघड होतं. गाणाऱ्याची ओळ धरायची न्हाई म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडायचं. आमच्यात तो अपमानच. आणि इकडं मी तोंड उघडलं की नुसता वारा.

रविवारी मटण जावई करतात. मसाला परतता परतता कुठकुठल्या मुलखातलं गाणं लावायची त्यांना सवय. त्या दिवशी त्यांनी मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. म्हणाले, "मामी, हे बघा." दोन माणसं समोरासमोर बसलेली. एक आफ्रिकेतला, मांडीत घागरीएवढा अर्धा भोपळा, त्याला लई तारा. दुसरा आपल्याकडचा, फेटेवाला, हातात सनई.

"भोपळा तर आपल्या एकतारीलाबी असतो," मी म्हटलं.

"एकमेकांची भाषा येती का यांना?" नणंदेनं विचारलं.

"एक शब्द न्हाई, आत्या."

"मग भांडत कसं असतील?"

आवडलं असं काही म्हणता येणार न्हाई. बारीक धार लागलेल्या नळासारखं वाजून राहिलं होतं, आणि मी लसूण सोलत होते. मग तो भोपळेवाला गायला लागला. ओळ वर चढली आणि तिथंच थांबली. पुढं सगळं गप. आणि माझ्या घशातून आवाज निघाला. त्याचा शेवटचा शब्द मी उचलला होता. ना भाषा माहीत, ना अर्थ. दाराच्या बिजागरीसारखा आवाज, पण निघाला. लेक ओट्याकडून वळली.

"निघला की गं!" नणंद ओरडली.

जावयांनी मात्र गाणं थांबवलं. "मामी, तिथं काही न्हाई. ती जागा रिकामीच असते."

"रिकामी कशी? बिचाऱ्यानं ओळ सोडली ना?"

त्यांनी ते मागं नेऊन, लसूण सोलताना माझं बघायचं राहिलेलं आधीचं दाखवलं. सनईवाल्यानंही तेच केलं होतं. ओळ थांबली की हा लगेच फुंकायचा. भोपळेवाला हसला, तारांवर पंजा ठेवला आणि मान हलवली. पुन्हा गायला. ह्या खेपेला सनई ओठांना लावलेली, गाल फुगलेले, डोळे त्याच्याकडं, आणि सनईवाल्यानं फुंकलं न्हाई. ओळ तशीच राहिली. धरणारा समोर होता, त्याला येतही होतं, तरी जागा सोडली होती.

"आपल्या पार्टीत असता तर हाकलला असता ह्याला," नणंद म्हणाली.

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. नणंद वैतागली, "जिथं काही वाजतच न्हाई ते काय ऐकतीस?"

कार्यक्रम आला. विहारात वंदना झाली आणि नणंद गायला बसली. यांची पेटी पुतण्याकडं होती. तिनं पहिली ओळ म्हटली, शेवटचा शब्द सोडला आणि माझ्याकडं बघितलं. मी दम भरून घेतला होता. आवाज निघाला असता का, ते मला आजही सांगता येत न्हाई. मी धरली न्हाई. पेटीचा सूर तेवढा राहिला. मागं कुणीतरी खोकलं. नणंदेनं डोळे वटारले, पुढची ओळ घेतली, पुन्हा सोडली. मी पुन्हा तशीच, तोंड मिटून तिच्याकडं बघत. तिसऱ्या ओळीला मागच्या बायका झील उचलायला गेल्या, तर नणंदेनंच हात वर करून त्यांना थांबवलं. शेवटपर्यंत मग ती जागा कुणी भरली न्हाई.

रडू तेव्हाही आलं न्हाई. जेवणाच्या पंगतीत नणंद माझ्या शेजारी येऊन बसली.

"त्याला आवडलं नसतं," ती म्हणाली.

"न्हाईच. माईकवरून बोलले असते."

"झोपल्या का बाई," तिनं अगदी यांच्या आवाजात म्हटलं.

आम्ही दोघी हसलो, थोडंसं. मी वरणाचा घास घेतला. मीठ कमी होतं.