स्पासेदादाने कापलेला पर

ओहरिद तलावाच्या आमच्या काठावरच्या मत्स्यबीज केंद्रात स्पासेदादाने एकोणीस हिवाळे ट्राउट माशाची पिल्लं वाढवली, आणि मी त्यातले अकरा हिवाळे त्याच्या हाताखाली बोलणी खाल्ली. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, तलावात सोडण्याआधी तो प्रत्येकाचा शेपटीजवळचा, पाठीवरचा नखाएवढा पर कात्रीने कापायचा. तो पर पुन्हा उगवत नाही. आपलं पोर कुठेही सापडलं तरी ओळखू यावं म्हणून ही खूण. गार पाण्याने त्याची बोटं कायम सुजलेली असायची. आमच्या देशात हा मासा धरायला बंदी आली तेव्हापासून त्याने तो तोंडात घातला नाही. लेकीच्या लग्नातही त्याने साधा कार्प मासा वाढला, आणि व्याही वर्षभर टोमणे मारत राहिले.

पण तलाव एक आणि देश दोन. पलीकडे अल्बानियात बंदी फक्त विणीच्या दिवसांत. म्हणून डिसेंबरात, ऐन विणीच्या हंगामात, दोन्हीकडची माणसं त्यांच्या पोग्रादेत्स गावी बसली, दोन्ही काठांना एकच कायदा करायला. सगळं जमलं, एका कलमावर घोडं अडलं. एका देशाच्या पहारेकऱ्यांनी दुसऱ्या देशाची होडी धरायची की नाही? आमचे साहेब नको म्हणत होते, आणि साक्षीला त्यांनी दादाला आणलं होतं. टिपणं घ्यायला मी.

"चोर सगळे पलीकडे," दादा गाडीत म्हणाला. "आणि आमच्या होड्या त्यांनी धरायच्या? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या?"

दुपारी जेवण आलं. तिकडच्या केंद्राचा पेत्राक स्वतः वाढत होता. त्याची आई आमची भाषा बोलणाऱ्या गावची, त्यामुळे गप्पांना खळ नव्हता. अक्रोड-कांद्यात भाजलेले अख्खे ट्राउट. दादा "मला नको" म्हणणार होता, तेवढ्यात त्याची नजर माशाच्या पाठीवर गेली. त्याने बोटाने मसाला बाजूला सारला. पर नव्हता. शेजारच्या ताटातही नव्हता. लाज सोडून तो टेबलाभोवती फिरला. अकरा ताटांत सात मासे त्याचे. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"पेत्राक, ही माझी पोरं आहेत," दादा म्हणाला. "ऐन विणीत मारलीत?"

पेत्राक गोरामोरा झाला. "आईशप्पथ, दादा, आमची होडी महिनाभर पाण्यात नाही. तुमच्याकडूनच येतात. पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम मागवले, चुकलं माझं."

"आमच्याकडून कोण देतो?"

"निळी होडी. ताने म्हणतात त्याला. मोठा गमत्या माणूस."

ताने म्हणजे दादाचा धाकटा, सख्खा भाऊ. पेत्राकला ते ठाऊक नव्हतं. मला होतं. दादा खाली बसला. तो रडेल, ओरडेल, काहीतरी करेल असं वाटलं. त्याने नुसतं ताट बाजूला सारलं.

जेवणानंतर त्याला बोलायला उभं केलं. साहेबांनी लिहून दिलेला कागद त्याने घडी करून खिशात घातला.

"धरू द्या त्यांना आमच्या होड्या," तो म्हणाला. "आमच्याने आमचे चोर धरवत नाहीत."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण साक्ष त्यांनीच आणलेली. चार वाजता ते कलम मान्य झालं, वसंतापासून लागू.

परतताना दादाने तानेच्या दारात गाडी थांबवायला लावली. तानेच बाहेर आला, हसत.

"काय दादा, बोललास ना आपल्या बाजूने?"

"होडी विकून टाक," दादा म्हणाला. "वसंतापासून पलीकडचे तुला धरतील."

"त्यांना कोणी दिला अधिकार?"

"मी."

तानेने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "मी काय केलंय?" असं तानेने एकदाही विचारलं नाही. तो पायरीवर बसला.

"सख्खा भाऊ आहे रे मी तुझा."

"म्हणून तर सांगायला आलो," दादा म्हणाला. "दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं."