मोटरच्या पाठीवरची पाटी

माणूस जातो, पण त्याचं नाव मागे उरतं, असं मोठी माणसं सांगत आली आहेत. आमच्या पनवेलच्या ज्येष्ठ नागरिक संघात हे सत्य बसल्या बसल्या पाठीला टोचतं, कारण प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. घड्याळ, पाण्याचं पिंप, कॅरमचा स्टँड, सगळं कुणाच्या तरी आठवणीत दिलेलं. छताच्या पंख्याच्या तीन पात्यांवर एकाच गृहस्थांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव वाटून रंगवलं आहे. पंखा चालू असला की ते वाचता येत नाही. एकदा मे महिन्यात त्यांचा मुलगा पुण्याहून आला. त्याला नाव दिसावं म्हणून अध्यक्षांनी पंखा बंद करवला आणि आम्ही वीस-पंचवीस जण पूर्ण आदराने घामाघूम झालो.

मी आयुष्यभर विम्याच्या कचेरीत नुकसानीचे दावे तपासले. लोकांच्या दुःखावर आधी शंका घ्यायची आणि मग सही करायची, याचा मला पगार मिळे. त्यामुळे समारंभात मी मागच्या रांगेत बसतो. तिथे चेहरा सांभाळावा लागत नाही.

गेल्या वर्षी आमचे एक सभासद गेले. तळोज्याच्या एका कारखान्यात ते मशिनांच्या देखभालीला होते. निवृत्तीनंतर इमारतीच्या पार्किंगमध्ये पाट, चौरंग, नातवंडांच्या चाकाच्या गाड्या असलं काहीबाही करत. त्यांच्याकडे एक बँडसॉ होता. म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून फिरणाऱ्या लांब पात्याची उभी करवत, खाली मोटर आणि मध्ये पट्टा. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनींनी, तो संघाच्या छंदखोलीला दिला. फळीचं दुसरं टोक धरून त्या वीस वर्षं उभ्या राहिल्या होत्या. देताना एवढंच म्हणाल्या, "चालू आहे. ह्यांनी कधी कुणाला बिघडलेली वस्तू दिली नाही."

समारंभ झाला. आमचे अध्यक्ष सरकारी खात्यातल्या मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झालेत आणि चहासुद्धा समोर फाईल असल्यासारखा पितात. त्यांनी शाल दिली, नारळ दिला आणि बाजारातून कोरून आणलेली स्टीलची गोल पाटी पिशवीतून काढली. आता ती लावायची कुठे? करवतीचं टेबल बिडाचं, त्याला भोक पाडायला कुणी धजेना. चाकांवरची झाकणं पातं बदलताना उघडावी लागतात. मोटरचा मागचा गोल भाग मात्र नेमका दाराकडे तोंड करून होता, पाटीच्याच मापाचा, आणि त्यावर जाळीची आयती भोकं. चार स्क्रू न कुरकुरता बसले. अध्यक्ष म्हणाले, जणू कंपनीने पाटीसाठीच जागा सोडली होती. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मोटर तापू लागली. दहा-पंधरा मिनिटं फळी कापली की तिच्यावर हात ठेववेना आणि खोलीत करपल्याचा वास सुटे. आठवडाभर हे चाललं. मग अध्यक्षांनी 'अग्निसुरक्षा' हा शब्द उच्चारला. त्यांनी असा शब्द उच्चारला की मागोमाग ठराव येतो. येत्या बुधवारच्या सभेत यंत्र भंगारात काढण्याचा ठराव मांडायचं ठरलं.

हे वहिनींच्या कानावर गेलं. त्या सोमवारी दुपारी आल्या आणि बँडसॉजवळच्या स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. यंत्र ठेवा किंवा विका, असं म्हणाल्या. पण वहीत 'सदोष' असं लिहिणार असाल तर ते मला चालायचं नाही. गेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, एवढं आमच्या लक्षात आलं, आणि आम्ही तिघे कामाला लागलो.

तिघांपैकी एक वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही वीजवाले म्हणतो. दुसरे उरणचे, कोळीवाड्यातले. तरुणपणी होडीच्या इंजिनांवर हात काळे करून मग तिथल्या गॅसच्या कारखान्यात लागलेले. ते उरणवाले. तिसरा मी. माझं काम टॉर्च धरायचं.

वीजवाल्यांच्या मते जगातले बहुतेक आजार दुपारच्या कमी व्होल्टेजमुळे होतात. त्यांनी मीटर लावला. व्होल्टेज ठणठणीत निघालं. मग त्यांनी जोडवायरीवर संशय घेतला आणि घरून जाड वायर आणून जोडली. मोटर जाड वायरीवरही तेवढ्याच निष्ठेने तापली.

"पट्टा काढा आधी," उरणवाले म्हणाले. "करवत जड जाते का मोटरच आजारी हाय, ते कळंल."

पट्टा काढला. मोटर एकटीच, काही काम नसताना फिरू लागली आणि तरी गरम झाली. उरणवाल्यांनी बेरिंगला स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली, डॉक्टरसारखं.

"बेरिंग साफ हाय. करवतीचा काय दोष नाय."

वीजवाल्यांनी चिमट्याचा मीटर वायरीभोवती अडकवून करंट मोजला. तोही बरोबर. त्यांचा चेहरा पडला. करंट बरोबर असताना तापणं हे त्यांच्या मते मोटरच्या सेवाशर्तींत बसत नव्हतं.

दावे तपासताना मी एक प्रश्न हमखास विचारत असे, तो वहिनींना विचारला: नुकसानीच्या आधी नवीन काय झालं? त्या म्हणाल्या, काही नाही. पातं तेच, पट्टा तोच. फक्त जागा बदलली आणि... मग त्या थांबल्या आणि पदराने टेबलावरचा भुसा झटकू लागल्या.

उरणवाल्यांनी मोटरला एक प्रदक्षिणा घातली. "पण हिला वारा कुठनं मिळतो?" ते स्वतःशीच म्हणाले.

मोटरच्या मागे, त्या जाळीच्या आत, छोटा पंखा असतो. तो मागून हवा ओढतो आणि अंगावरून सोडतो. मी वर्तमानपत्राचा कपटा मागे धरला. कपटा हललासुद्धा नाही. मोटर जिथून श्वास घेत होती तिथे, सुंदर कोरीव अक्षरांत, तिच्या मालकाचं नाव बसलं होतं.

आम्हा तिघांना एकाच क्षणी कळलं. आणि तिघेही एकाच क्षणी दुसरीकडे बघू लागलो. वहिनी दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या; नवऱ्याचं नाव उतरवू या, असं त्यांच्या तोंडावर कोण म्हणणार? वीजवाले म्हणाले, व्होल्टेज संध्याकाळी परत बघू. उरणवाल्यांना अचानक भरतीची वेळ आठवली. आणि जन्मभर शंका घेण्याचा पगार घेतलेला मी म्हणालो, कपॅसिटर एकदा बदलून बघायला हरकत नाही.

मंगळवारी आम्ही खरोखरच कपॅसिटर बदलला. धडधाकट कपॅसिटर काढला, नवा घातला, आणि मोटर तापल्यावर तिघांनी मिळून आश्चर्य व्यक्त केलं. वहिनी स्टुलावर बसून बघत होत्या.

बुधवारी सभा छंदखोलीतच भरली. अध्यक्षांनी ठरावाचा कागद वाचायला घेतला. 'सदर यंत्र सदोष' इथपर्यंत ते आले आणि वहिनी उठल्या.

"स्क्रू ड्रायव्हर कुणाकडे आहे?"

त्यांनी उरणवाल्यांच्या खिशातून तो सरळ काढून घेतला.

"दोन दिवस बघतेय, तुम्ही तिघं पाटीपाशी आलात की गप्प होता. मला काय डोळे नाहीत? ह्यांनी असली पाटी लावणाऱ्याला आधी झापलं असतं, मग मोटरला हात घातला असता."

अध्यक्ष गडबडले. "वहिनी, ती पाटी ठरावाने लावलीय."

"मग मोटर ठरावाने थंड करा."

मागची रांग हसली. मागच्या रांगेत त्या दिवशी मी एकटाच होतो. वहिनींनी चारही स्क्रू काढले, पाटी टेबलावर ठेवली, पट्टा चढवला आणि सागाची एक जाड फळी पात्याला लावली. दुसरं टोक धरायला वीजवाले धावले. अर्धा तास कापणं चाललं. मग वहिनींनी अध्यक्षांना हाताला धरून पुढे नेलं आणि त्यांचा तळहात मोटरवर ठेवला. तो त्यांनी बराच वेळ तिथेच ठेवला. काढला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं. 'सदोष' हा शब्द त्यांनी स्वतःच्या पेनने खोडला आणि बाजूला सही केली.

पाटी भिंतीवर लावावी, त्यासाठी छोटेखानी कार्यक्रम घ्यावा, अशी सूचना त्यांनी लगेच मांडली. वहिनी म्हणाल्या, नको, भिंतीलाही त्रास होईल. पाटी पुसून त्यांनी पिशवीत टाकली.

महिनाभराने मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा ती पाटी गॅसवर दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होती. मापाला बरोबर बसते. चार भोकांतून वाफ जाते, म्हणून दूध उतू जात नाही.